पेनांगहून आलेली भरली ताटं

माझी लेक मलेशियाला एकटी निघाली तेव्हा लोकांनी मला नाही नाही त्या गोष्टींची भीती घातली. डेंग्यू, पाकीटमार, रिक्षात राहिलेले पासपोर्ट. इथल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर किराण्याच्या रांगेत भेटलेल्या एका काकूंनी तर तिथली माकडं हातातलं केळं कशी पळवतात तेही सविस्तर सांगितलं. मी सगळ्यांना हो हो म्हणत होते. मला यातल्या कशाचीच भीती नव्हती. ती तिथे जेवणार नाही, याची होती.

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी तिची अन्नावरची वासना उडाली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. पुढे कळलं की भूक तिला लागत होती, पण ती भुकेशी भांडत होती आणि जिंकत होती. या आजाराला इथे नाव आहे, त्याचे डॉक्टर आहेत, हॉस्पिटलात वेगळा मजला आहे. आमच्या नातेवाइकांकडे मात्र एकच शब्द होता, डाएट. 'बरंय की, आमची तर ऐकतच नाही,' असं फोनवर म्हणणारी माझी एक मावसबहीण आहे. तिच्याशी मी नंतर बरेच महिने बोलले नाही. त्या दिवसांत मी रात्री उठून लेकीच्या खोलीत जायचे आणि पांघरूण वरखाली होतंय का ते बघून यायचे.

ती बरी झाली. कॉलेजला गेली, पास होऊन घरी आली. पण तिच्या कौन्सेलरबाईंनी आम्हाला घालून दिलेला नियम कायम राहिला. घरात खाण्यावरून बोलायचं नाही. आग्रह नाही, 'अजून एक घे' नाही, 'किती वाळलीस' नाही. आणि 'जेवलीस का?' हे तर अजिबात नाही. मला तो नियम ऐकून वाटलं, मला हात बांधून पंगतीत वाढायला उभं केलंय. आमच्याकडे फोन उचलला की पहिलं वाक्य ते. साता समुद्रापलीकडे राहणारी माझी आईसुद्धा माझ्या वयाच्या पन्नाशीत मला तेच विचारायची. पण मी नियम पाळला. जीभ चावून चावून पाळला.

पेनांगला खरं तर दोघी जाणार होत्या. बरोबरच्या मैत्रिणीला नवी नोकरी ठरल्यापेक्षा लवकर सुरू करावी लागली आणि तिने तिकीट कॅन्सल केलं. मला वाटलं, सुटले. पण लेक म्हणाली, "मी जाणार." हे म्हणाले, जाऊ दे. कौन्सेलरबाईही म्हणाल्या, जाऊ द्या. मग माझं कोण ऐकतंय.

पहिले काही दिवस फोटोंचा पाऊस पडला. समुद्रात लाकडी खांबांवर उभी असलेली चिनी लोकांची घरं, मधून फळ्यांची वाट आणि दारादारात उदबत्त्या. भिंतीवर रंगवलेली दोन मुलं, खरोखरच्या सायकलवर बसलेली. टेकडीवर दोरखंडाने ओढली जाणारी गाडी आणि वरून दिसणारं सगळं शहर, पलीकडे पूल. आणि खाणं. लोखंडी कढईत धुरकट परतलेल्या रुंद नूडल्स, त्यात कोलंबी. आसाम लाक्सा नावाचा माशाचा आंबट रस्सा, चिंचेचा, वर पुदिना आणि अननसाचे तुकडे. केळीच्या पानावर भात आणि त्यावर ओतलेल्या चार प्रकारच्या आमट्या. मी मालवणची. रस्सा बघूनच मला कळत होतं की त्यात तिरफळ नाही, पण दुसरं काहीतरी तसलंच आहे.

ती पाठवायची, मी 'छान!' लिहायचे. मग स्क्रीनवर दोन बोटं फाकवून फोटो मोठा करायचे आणि बघत बसायचे. चमचा स्वच्छ. खायच्या काड्या अजून कागदात गुंडाळलेल्या. रश्श्यावरचा पुदिना जसाच्या तसा. एकाही फोटोत एक घास कमी झालेला नव्हता.

"अगं, लोक खायच्या आधी फोटो काढतात," हे म्हणाले. "खरकट्याचा कोण काढतो?"

म्हणणं बरोबर होतं. तरी मी फोटो मोठे करून बघायचं थांबवलं नाही. तिचा चेहरा असलेला एखादा फोटो आला की मी गळ्याची हाडं बघायचे, मनगट बघायचे, घड्याळाचा पट्टा कितव्या भोकात आहे ते बघायचे. आईने मुलीकडे असं बघू नये हे मला कळत होतं. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली फोन धरून माझ्या मुलीची मनगटं बघत होते.

मग फोटो विरळ झाले. देवळं आली, मांजरं आली, एक जुना निळा वाडा आला. ताटं दिवसातून एक, मग तेही नाही. फोनवर मी विचारायचे, "काय काय बघितलंस?" आणि तिच्या उत्तरात कुठे हॉटेल, कुठे टपरी, कुठे चव असा शब्द येतोय का ते शोधायचे. ती रंगवलेल्या भिंतींबद्दल बोलायची.

एका सकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं. आमची सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ. फोन वाजला आणि फोटो आला. समुद्राकाठची टपऱ्यांची रांग, प्लास्टिकचं टेबल, त्यावर चेंडोलचा वाडगा. चेंडोल म्हणजे आमची शिरवाळीच म्हणा ना, तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध, ताडगूळ. फक्त वर किसलेल्या बर्फाचा डोंगर असतो. लहानपणी ही पोरगी माझी शिरवाळी वाडगा चाटून खायची. मी हसले आणि 'छान!' लिहिलं.

मग फोटो मोठा केला.

बर्फ नव्हता. डोंगराच्या जागी करडं पाणी होतं, वाडग्याच्या काठापर्यंत आलेलं. ताडगूळ खाली बसला होता, दूध फाटल्यासारखं वर तरंगत होतं. टेबलावर वाडग्याभोवती पाण्याचं तळं झालं होतं. चमचा बाजूला होता, कोरडा. एवढा बर्फ वितळायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ माझी मुलगी त्या वाडग्यासमोर बसून होती.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. चहा उतू गेला, तो वास घरभर पसरला तरी मला गॅस बंद करायचं सुचलं नाही, तो यांनी येऊन केला. मी यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बघितला. लॅपटॉप उघडून विमानं बघायला लागले. मी वेडी आहे असं ते म्हणत होते तोवर मला आशा होती.

तिसऱ्या वेळी तिने उचलला. व्हिडिओ नव्हता. मागून कढयांवर झारे आपटल्याचा आवाज येत होता, कोणीतरी ऑर्डर ओरडत होतं.

नियम गेला खड्ड्यात. मी विचारलं, "जेवलीस का?"

मला वाटलं, संपलं, सगळी वर्षं पाण्यात घातली मी.

"नाही," ती म्हणाली.

"आज?"

"आज नाही. काल थोडंसं. आई, इट्स नॉट वर्किंग."

"आणि ते सगळे फोटो?"

"सुरुवातीचे खरे आहेत. आय एट ऑल दॅट. मग काय झालं माहीत नाही. इथे सगळे ग्रुपने येतात. मी एकटी ऑर्डर करते, फोटो काढते आणि बघत बसते."

"मग आजचा कशाला पाठवलास?"

"वितळल्यावर काढला. मुद्दाम. आय न्यू यू वुड झूम इन. तू नेहमी करतेस." ती रडत होती, आवाज न करता. "मला सांगता येत नव्हतं. आणि तू विचारतच नाहीस."

"मला बंदी आहे गं विचारायला. तुझ्या त्या बाईंनी..."

"ती बंदी मीच घालायला लावली होती. मी सतरा वर्षांची होते, आई."

मी खाली बसले, तिथेच, ओट्याला टेकून. इतकी वर्षं मी त्या बाईला मनातल्या मनात काय काय बोलले होते. पण तो विचार करायला वेळ नव्हता. मी म्हटलं, व्हिडिओ चालू कर. तिने केला. चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले, मागे पिवळे दिवे. मी म्हटलं, समोर काय आहे ते सांग. शेजारी रोटी चनाईवाला होता, तव्यावर तुपकट पदर सुटलेल्या पोळ्या भाजणारा, बरोबर डाळ. तिने उठून एक मागवली. मी डब्यातली कालची पोळी आणि उरलेला चहा घेऊन कॅमेऱ्यासमोर बसले.

तिने कोपरा तोडला. डाळीत बुडवला. तोंडापाशी नेला आणि थांबली. मी तिच्या हाताकडे बघत होते.

"इतकं बघू नकोस ना."

मी माझ्या पोळीकडे बघायला लागले. शिळी, कडक पोळी, घास घशाखाली उतरेना. उतरवला. मान वर केली तेव्हा तिचा तुकडा गेला होता. मग दुसरा. मग बराच वेळ काही नाही, आणि मग तिसरा. हे कॅमेऱ्याच्या बाहेर उभे होते, लॅपटॉप तसाच उघडा धरून. अर्धी रोटी राहिली. त्या अर्ध्या रोटीने माझा जीव पुन्हा खालीवर केला, पण मी 'अजून एक घास' म्हटलं नाही.

"मी येऊ का तिकडे?"

"नको. अजून नको." तिने नाक पुसलं. "उद्या पण विचार."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी फोन लावला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिने उचलला, आणि ती हॅलो म्हणायच्या आत मी विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली. "थांब, ऑर्डर करते. तू पण काहीतरी घेऊन बस."

मी पोळीचा डबा उघडला.