विरजणाचा रुमाल

शेजारची आयनो महिनाभर पणजीच्या प्रवासाचा माग काढते आहे. फिनलंडातलं खेडं, हांको बंदर, इंग्लंड, मग मोठी बोट आणि शेवटी हे आमचं मिशिगन. काल तिने पणजीच्या पेटीतला एक ताठरलेला रुमाल दाखवला.

"हा असला डागाळलेला रुमाल तिने कशाला आणला असेल?"

मी लगेच ओळखला. पुण्याहून येताना मीही दह्यात बुडवून वाळवलेला रुमाल आणला होता. माणूस देश सोडतो, पण परक्या दुधालाही आपलंच वळण लावतो.

"तुझ्याकडचं दही कुठल्या विरजणाचं?" मी विचारलं.

"आईच्या. आईने आजीकडून घेतलेलं, आणि आजीने..." ती थांबली. कागद बाजूला सारून उठली आणि फ्रिजमधली वाटी माझ्यासमोर ठेवली.

वाटीत पणजी छान घट्ट लागली होती.