हौदाचं गणित

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मालक दोन महिन्यांच्या रजेवर कडेगावला आले, ते गणिताचं पुस्तक घेऊनच. फौजेत लान्सनायक होते. परीक्षा पास झाले तरच बढती. शाळा चौथीतच सुटलेली. मी सातवी पास, गणितात वर्गात पहिली. म्हणाले, "तूच शिकीव."

आधी बेरजा-वजाबाक्या दिल्या. जांभया देत केल्या, निम्म्या चुकल्या. मग मी त्रैराशिक काढलं. बारा जवान सहा दिवसांत खंदक खणतात, तर नऊ जवान किती दिवसांत खणतील? त्यावर ते अर्धी सकाळ बसले. चहा निवला. कपाळाच्या शिरा फुगल्या. शेवटी "आठ!" म्हणून असे ओरडले की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. नंतरचे आठ-दहा दिवस उसाला पाणी देतानाही ते बांधावर काटकीनं आकडे लिहायचे.

मला तेवढं पुरलं नाही. अवघड गणित दिसलं की माझं डोकं तरतरीत व्हायचं; सगळ्यांचंच तसं होत असेल, असं वाटायचं. शिवाय त्यांना बढती मिळालेली बघायची घाई त्यांच्यापेक्षा मलाच जास्त. पुस्तकाच्या शेवटची हौदाची गणितं मी पुढं टाकली. दोन नळ हौद भरतात, तिसरा रिकामा करतो. तीन दिवस पेन्सिल हलली नाही. चौथ्या दिवशी ते वहीकडं नाही, कौलांकडं बघत होते.

"आवं, सातवीतल्या पोरी करत्यात हे," मी म्हणाले.

"करत असत्याल. मला न्हाई जमायचं."

आवाजात राग नव्हता. वही मिटली.

दुसऱ्या दिवशी मी परत त्रैराशिकं मांडली. "हीच करा, लय सोपी हायत."

"सोपी म्हणूनच देतीस न्हवं आता?"

उरलेली रजा त्यांनी गोठ्यात बसून काढली. मी भाकरी घेऊन गेले की म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहायचे, माझ्याकडं बघायचे नाहीत.

पलटणीत परतल्यावर त्यांचं पत्र आलं. "पेपरला बसलो नाही. परत विचारू नको." बरोबरीचे पुढं गेले. मालक लान्सनायकच राहिले.

दोन वर्षांनी मी साताऱ्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले. गणितात पहिली आले, घरी परतल्यावर तसं त्यांना कळवलं. उत्तर वेळेवर आलं. सासूबाईंचा दमा कसा आहे, ऊस तुटला का, म्हैस व्याली का, सगळं विचारलं होतं. माझ्या निकालाबद्दल एक अक्षर नव्हतं.