राजाच्या वहीतलं वरण

आम्हा आचाऱ्यांचे किस्से म्हणजे पातेल्याच्या बुडाची खरवड. एक थर काढा, खाली दुसरा. सांगतो, पण मध्ये बोलायचं नाही.

*

संस्थानं विलीन झाली तेव्हा एका राजाचा भटारखाना बंद पडला. तिथला बळवंतराव आचारी बुऱ्हाणपुरात आमच्या टोळीत आला. काखेत राजाच्या स्वयंपाकाची जुनी वही.

"वाच ना," आमचा मुख्य आचारी विठोबा म्हणाला.

"वाचता आलं असतं तर दिवाण झालो असतो."

*

टोळीत दुसरी पास मी एकटा. वाचणं माझ्या गळ्यात पडलं.

"कस्तुरी चिमूटभर."

"पुढचं वाच."

"केशर तोळाभर."

"पुढचं वाच."

"हळद."

"हां," विठोबा म्हणाला. "ही आपल्या गावात मिळते."

*

गावात बोभाटा झाला. मास्तरीणबाई वहीतल्या सांज्याच्या पोळ्या उतरवून घ्यायला आल्या. "दोनशे पानांचं प्रमाण आहे हो. आम्ही घरात चौघं."

"मग पन्नास दिवस तेच खा," मी म्हणालो. परत आल्या नाहीत.

*

मग विठोबाच्या लेकीचं लग्न ठरलं. व्याही देडतलाईचा. भातात खडा लागला म्हणून एका लग्नात भरल्या पंगतीतून उठलेला माणूस. विठोबा आठ दिवस झोपला नाही. म्हणाला, "वरण राजाचं करू. मग काय बोलेल?"

दोनशे पानांची डाळ आमच्या नेहमीच्या अंदाजानं शिजवली. मीठ-मसाला वहीतला. मी वाचलं, "मीठ दोन शेर." घातलं.

बळवंतराव पाणी घेऊन आला. "कोणता शेर धरला?"

"आपला. दुसरा कोणता?"

"आमच्या राजाचा शेर तुमच्या निम्मा होता."

आता याला टेन्शन म्हणतात. विठोबानंही ऐकलं होतं.

*

देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आम्ही चाखत नाही. सगळं वासावर. आणि मिठाला वास नसतो.

"विठोबाभाऊ, थेंबभर चाखू?"

"पोरीच्या लग्नात देवाला उष्टं दाखवू? सरक."

तेवढ्यात त्याला मांडवातून हाक आली. तो गेला. बळवंतराव लाकडं आणायला गेला. तो आला तसा मी पत्रावळी बघायला गेलो; विठोबा आला तसा बळवंतराव पाणी आणायला. चुलीपाशी प्रत्येक जण एकदा एकटा होता.

नैवेद्य दाखवला. आता चाखायला मोकळे, पण कोणाचा हात पुढे होईना. वाढपी बादल्या भरून घेऊन गेले.

व्याह्यानं वरणभात कालवला. पहिला घास घेतला. थांबला. विठोबानं डोळे मिटले.

"मीठ वाढा," व्याही म्हणाला.

*

पंगती उठल्यावर पातेलं आडवं केलं. बुडाशी मीठ पिऊन फुगलेले कणकेचे गोळे, सोललेले बटाटे आणि डझनभर कच्ची केळी. केळी माझी.

विठोबानं वाकून आत पाहिलं. मग मला म्हणाला, "वहीत लिहून ठेव."