लेकीच्या नावाचे क्रेट

माझी आत्या नगरपालिकेत सफाई कामगार. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेला कचरा गोळा करायचा, हे तिचं काम. आमचा समुद्र उथळ. खोल समुद्रात वारा वरवरचं पाणी ढकलतो. इथे तळापर्यंतचं सगळं पाणी निमूट त्याच्यामागे जातं. अर्धं वर्ष वारा इकडून वाहतो, तेव्हा आमचा कचरा समोरच्या किनाऱ्याला लागतो. मग वारा फिरतो आणि त्यांचा आमच्याकडे येतो. आत्याच्या मते तिकडचे लोक जास्त घाणेरडे.

तिकडेच तिची एकुलती एक लेक राहते. तिने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून बोलणं बंद. जावई मासळीचा व्यापारी. त्याने निळ्या क्रेटवर बायकोचं नाव रंगवलेलं. धक्क्यावर धुताना काही निसटायचे आणि वारा फिरला की आमच्याकडे यायचे. "क्रेट सांभाळता येत नाहीत, संसार काय सांभाळणार!" असं पुटपुटत आत्या ते घरी न्यायची. कांदे ठेवायला, म्हणे. चळत छताला टेकली होती. कांदे मात्र एका क्रेटपुरतेच.

यंदा वारा फिरला, पण क्रेट आलेच नाहीत. आत्या रोज दोनदा किनारा पालथा घालू लागली. धंदा बुडाला असेल, लेक आजारी असेल, काय वाटेल ते.

"मी फोन लावते," मी म्हटलं.

"खबरदार!" म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून बोटीत बसली. पिशवी धरायला मी.

लेकीने दार उघडलं. "आई? काय झालं?"

"तुझे क्रेट आले नाहीत," आत्या तिच्यावरच डाफरली.

लेक चपला घालून बाहेर आली. मग आम्हांला धक्क्यावर घेऊन गेली. निसटलेले क्रेट तिथेच खांबांपाशी डुलत होते. यंदाचा वारा म्हणजे नुसती फुंकर. दिशा बदलली होती, पण पाणी हलवण्याइतका जोर त्याच्यात नव्हता.

"म्हणजे तू धडधाकट आहेस," आत्या म्हणाली आणि धक्क्यावरच बसून रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

"पाणी फिरेपर्यंत तरी राहा," लेक म्हणाली. आत्या उपकार केल्यासारखी "बरं" म्हणाली.

काही दिवसांनी जावई जेवायला बसला तो सांगतच, "पाणी फिरलं बरं का! निघाले क्रेट."

लेकीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे, मला आपलं तसं वाटलं."

"तुम्हांला पाण्यातलं काय कळतंय?" आत्या म्हणाली आणि त्याला न विचारता आणखी वाढलं.