इसाक मिस्त्रीनं नको म्हटलेली गाडी

परळीत स्टेशनकडून थर्मलच्या वीजकेंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर इसाक मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काही पत्रे, एक कडुलिंब आणि तेलानं काळी पडलेली जमीन. कडुलिंब हिरवा असा पावसाळ्यातच दिसतो, एरवी करडा. राखेच्या गाड्या दिवसभर समोरून जातात आणि जाताना थोडीथोडी राख सांडत जातात. इसाकच्या दाढीत पहिले पांढरे केस आले तेव्हा त्याची बायको आमिनाबी म्हणाली होती, "तोंड धुवून या, राख लागलीय." तो धुवून आला, तरी ते तसेच. दोघं बराच वेळ हसले होते.

अलीकडे हसण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. नव्या गाड्या बिघडल्या की कंपनीच्या वर्कशॉपला जात. तिथं पोरं लॅपटॉप लावून दोष काढत. जुन्या गाड्या भंगारात निघत. मधल्यामधे जे काही उरायचं ते इसाककडे यायचं. आणि कधीकधी कुणी सेकंडहँड गाडी घेण्याआधी त्याला सोबत न्यायचं. त्या कामात त्याचं नाव होतं. त्याच्याकडे काही जादू नव्हती, उलट एकदोनदा तो चांगलाच चुकलाही होता. पण त्याला घाई नसायची, आणि विकणाऱ्याचा चहा पिऊन त्याची जीभ बदलायची नाही.

अशाच एका सकाळी अभिमन्यू आला. अभिमन्यू म्हणजे जुना ड्रायव्हर, इसाकच्याच वयाचा. दोघांची ओळख इसाक पोरवयात एका उस्तादाच्या हाताखाली पाने-पकडी उचलून द्यायचा तेव्हाची. अभिमन्यूनं कोळसा वाहिला, ऊस वाहिला, राख वाहिली. सगळं दुसऱ्याच्या गाडीवर. आता मालक लोक त्याचं वय बघून दुसरीकडे बघायला लागले होते. बदली ड्रायव्हर म्हणून कधी बोलावणं आलं तर आलं, नाहीतर तो चौकात बसून राहायचा.

त्या दिवशी मात्र त्यानं दाढी केली होती.

"इसाकभाई, दिंद्रुडला एक गाडी हाय," तो म्हणाला. "सुंदररावाची. जुनी हाय, पर कागदं साफ हायती. तू बघ, तू हां म्हणलास की घेतो."

"घेतो म्हंजे?"

"म्हंजे घेतो. छबूच्या माहेरच्या वावराच्या वाट्याचा पैका आलाय. ती म्हणली, गाडी घ्या. दुसऱ्याच्या दारात आता कोण उभा करतंय तुमाला?"

छबुबाई म्हणजे अभिमन्यूची बायको. ती बोलायची कमी. ती असं म्हणाली असेल तर त्यांचं घरातलं बोलणं बरंच पुढं गेलेलं असणार, हे इसाकला कळलं. त्यानं हात पुसले आणि पान्यांची पिशवी उचलली.

सुंदररावांची गाडी, एक जुना ट्रक, त्यांच्या कापसाच्या जिनिंगच्या मागच्या आवारात उभी होती. कापसाचे पुंजके टायरांना चिकटले होते. केबिन नव्यानं रंगवलेलं, आतल्या सीटला नवं रेक्झीन. अभिमन्यू चढून वर बसला आणि त्यानं स्टिअरिंगला हात लावला. खाली उभ्या इसाकनं रेडिएटरला हात लावला आणि तो हात तसाच ठेवून म्हणाला,

"सुंदरराव, इंजिन गरम कावून हाय?"

सुंदरराव धोतर सावरत बाजेवर बसले होते. "तुमी यायच्या आधी पोरानं बॅटरी बघायला सुरू केली व्हती."

"मग थंड होऊ द्या. बसू आपण."

गरम इंजिन आपलं दुखणं लपवतं, हे इसाकला ठाऊक होतं. सुंदररावांनाही ठाऊक असावं. त्यांनी चहा सांगितला, ते पाऊसपाण्याचं बोलले. मग म्हणाले, "हे बघा मिस्त्री, मला त्यातलं काय कळत न्हाई. ड्रायव्हर होता तवर त्यो चालवायचा, मी डिझेल भरायचो. तुमी बघा आन सांगा. मी काय लपवायला बसलो न्हाई."

इसाकला ते खरं वाटलं. त्यामुळं काम काही सोपं होणार नव्हतं.

ऊन जिनिंगच्या भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा रेडिएटर हाताला थंड लागलं. इसाकनं अभिमन्यूला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन बरंच कुरकुरलं, मग एकदम पेटलं, आणि मागं पांढऱ्या धुराचा लोट उठला. रेस दिली की आवाज ठीक. पाय काढला, इंजिन स्लोवर आलं, की सगळं केबिन थरथरायला लागायचं. आरसा थरथरत होता, नव्या रेक्झीनखालचा पत्रा वाजत होता. मधेच एक ठोका चुकायचा, मग पुन्हा धरायचा, मग पुन्हा चुकायचा.

"मिसिंग करतंय," अभिमन्यू वरून ओरडला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, उलट धीर होता. मिसिंग म्हणजे किरकोळ काम, हे त्यानं आयुष्यभर मालकांच्या तोंडून ऐकलं होतं.

इसाकलाही ते किरकोळच निघावं असं वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यानं तपासायला सुरुवातच स्वस्तातल्या दोषांपासून केली. आधी त्यानं इंजिनाखालचे रबर बघितले. ते बसले की चांगलं इंजिनही असंच थरथरतं. रबर जुने होते, पण शाबूत. मग डिझेलच्या लाइनीत हवा आहे का ते बघितलं. नव्हती. मग त्यानं पाना घेतला आणि चालू इंजिनावर डिझेल फवारणाऱ्या एकेका नोजलच्या पाइपाचा नट ढिला करायला लागला. पाइप ढिला केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं आणि इंजिन आणखी दबतं. दबलं तर तो सिलिंडर काम करतोय. पहिल्याला दबलं, दुसऱ्याला दबलं. तिसऱ्याचा नट सोडला, तर इंजिनाला काहीच फरक पडला नाही. चुकत होतं ते तसंच चुकत राहिलं.

"तिसरा मेलाय," तो म्हणाला.

"नोजल असंल," अभिमन्यू खाली उतरून जवळ आला.

"असंल," इसाक म्हणाला. मनातल्या मनात त्यानं अल्लाकडे तेच मागितलं, की नोजल असू दे. इंजिन बंद करून त्यानं तिसऱ्याचा नोजल काढून चौथ्यावर लावला आणि चौथ्याचा तिसऱ्यावर. नोजलचा दोष असता तर तो आता चौथ्याकडे गेला असता. पुन्हा सेल्फ मारला. दोष तिसऱ्यातच होता.

तिथून पुढं इसाकला अभिमन्यूकडे बघवेना. त्यानं तेल घालायच्या जागेचं झाकण काढलं. आतून इंजिनाच्या ठोक्याबरोबर धूर भसाभस बाहेर आला. झाकणाच्या आत दुधाच्या सायीसारखा पिवळट थर होता. म्हणजे तेलात पाणी जात होतं. रेडिएटरचं झाकण आधीच काढून ठेवलेलं होतं, तिथं पाण्यात बुडबुडे येत होते. तरी अजून एक आशा होती: हेडचं पॅकिंग गेलं असेल, पॅकिंग बदललं की भागेल. ती खात्री करायला त्यानं इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकवरून बोटं फिरवली. तिसऱ्या सिलिंडरच्या खाली, नव्या रंगाखाली, त्याच्या बोटाला एक जाड, वाकडा उंचवटा लागला. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्यानं रंग खरवडला. वेल्डिंग होतं. कधीकाळी आतला रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला होता, आणि कुणीतरी ब्लॉक बदलण्याऐवजी तो शिवून टाकला होता.

त्यानं स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. मग सरळ होऊन हात पुसत म्हणाला, "अभिमन्यू, हिकडं ये."

दोघं आवाराच्या दरवाज्यापाशी गेले.

"घेऊ नको."

अभिमन्यू गाडीकडे बघत होता. "काम केलं तर?"

"ब्लॉकच फुटलेला हाय बाबा. इंजिनच दुसरं बसवावं लागंल. तेवढ्यात ही गाडी दोनदा यील."

"आसं नको सांगू. अशी चालवली तर किती चालंल?"

"मी काय सांगू? रिकामी, सपाटीला, हळूहळू, वरीसभर चालंल. भरून घाटात ताणली तर उद्याच बसंल."

"मी हळूच चालवीन."

"पोट भरायचं तर हळू चालवून भागतंय व्हय?"

 अभिमन्यू परत गेला, सुंदररावांना त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "मिस्त्री न्हाई म्हणतोय." सुंदरराव इसाककडे बघून म्हणाले, "तुमी खरं बोललात, बरं झालं. आता मला बी किंमत कमीच सांगावी लागंल."

परत येताना एसटीत दोघं शेजारी बसले.  सिरसाळ्याला अभिमन्यूनं पेरू घेतले, एक इसाकला दिला, एक हातात धरून बसला. खाल्ला नाही.

दुसरी गाडी शोधू, असं ठरलं होतं. इसाकनं शोधलीही. पण ज्या घेण्यासारख्या होत्या त्या अभिमन्यूच्या आवाक्याबाहेर होत्या, आणि आवाक्यातल्या सगळ्या या नाहीतर त्या रोगानं पोखरलेल्या. काही दिवसांनी छबुबाईच्या भावानं हॉटेल टाकायचं म्हणून तिच्याकडून ते वाट्याचे पैसे मागून नेले. अभिमन्यूनं अडवलं नाही. कशासाठी अडवणार?

आणि मग एक दिवस ती गाडी गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. तेच केबिन, तीच थरथर, तोच चुकणारा ठोका. इसाकनं आवाजावरूनच ओळखलं. केबिनचं दार उघडून अभिमन्यू खाली उतरला, आणि दुसऱ्या बाजूनं पप्पू. पप्पू राखेच्या धंद्यातला, हाताखाली बऱ्याच गाड्या असलेला माणूस.

"मिस्त्री, तुमचे उपकार!" पप्पू हसत म्हणाला. "तुमी नावं ठेवली म्हणून सुंदररावानं भंगाराच्या भावात देली. आन ड्रायव्हर बी ह्यालाच ठेवला. ह्यानं म्हणं गाडी आधीच बघितलीय."

इसाकनं अभिमन्यूकडे बघितलं. अभिमन्यूनं खांदे उडवले. "काम तर मिळालं," तो म्हणाला.

"पप्पूशेठ, ब्लॉक शिवलेला हाय हिचा," इसाक म्हणाला. "भरून घाटात नका घालू. निदान तिसऱ्याचं लायनर-पिस्टन काढून बघू द्या मला."

"चालतीय तवर चालू द्या हो. बसली की पार्ट काढून दुसऱ्या गाड्यांना लावू." पप्पू मागून आलेल्या आपल्या माणसाच्या मोटारसायकलवर बसून निघूनही गेला.

त्यानंतर गाडी अधूनमधून यायची. पाणी आटलं, ते तेलात उतरून तेल वाढलं, नट ढिला झाला. इसाक जमेल तेवढं करायचा. दर वेळी अभिमन्यू कडुलिंबाखाली बसायचा आणि दर वेळी त्यांचं बोलणं थोडं कमी झालेलं असायचं. एकदा इसाक म्हणाला, "सोड ही गाडी." अभिमन्यू म्हणाला, "सोडून कुठं जाऊ ते बी सांग." 

अंबाजोगाईच्या घाटात, भर दुपारी, भरल्या गाडीचा रॉड तुटला. शिवलेल्या जागेतूनच बाहेर आला. इंजिन जागीच अडकलं आणि गाडी मागं सरकायला लागली. ब्रेकनं धरलं नाही. मागं लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो होता. अभिमन्यूनं स्टिअरिंग डोंगराच्या अंगाला कापलं. गाडी खडकावर आदळून आडवी झाली, राख सगळ्या रस्त्यावर पसरली, आणि केबिन चेपून त्याचा उजवा पाय आत अडकला. टेम्पोतल्या माणसांनीच त्याला बाहेर काढलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

इसाक आणि आमिनाबी भेटायला गेले. छबुबाई खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसली होती. आमिनाबी तिच्याजवळ जाऊन बसली.  पप्पूचा माणूस एकदा फळं ठेवून गेला होता, पप्पू आला नव्हता.

"तू खरं बोलला व्हतास," अभिमन्यू इसाकला म्हणाला. त्याचा आवाज राग नसलेला, सपाट होता. "बघ, जसं सांगितलंस तसंच झालं."

इसाकनं खाटेवरची घसरलेली चादर सरळ केली.

"पर एक बोलू का? राग मानू नको. गाडी माझी असती तर मी तिला घाटात घातलीच नसती. तू सांगितलं व्हतंस ना, रिकामी, सपाटीला, हळूहळू. मी तसंच चालवलं असतं. दोन खेपा कमी केल्या असत्या, पर तुझं ऐकलं असतं. मालकाची गाडी, मालक म्हणंल तिथं न्यावी लागती."

 इसाकला म्हणायचं होतं की मग तू वर्षभरात कंगाल झाला असतास, मग छबुवहिनीचं वावर त्या इंजिनात गेलं असतं. तेही खरंच होतं. पण खाटेवरच्या माणसाला सांगण्यासारखं ते खरं नव्हतं. आणि आपण त्या दिवशी दुसरं काय बोलायला हवं होतं, हे त्याला अजूनही सुचत नव्हतं. तो परत परत ती तपासणी मनात करून बघायचा. रबर, डिझेलची लाइन, नोजल, झाकण, ब्लॉक. कुठंही चूक सापडत नव्हती. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

बसनं परतताना आमिनाबीनं विचारलं, "काय म्हणले भाऊ?"

"काही न्हाई," इसाक म्हणाला.

आता अभिमन्यू घरीच असतो. छबुबाई वीटभट्टीवर जाते, घरी सून असते. शुक्रवारी नमाज झाली की इसाक त्याच्याकडे जातो, दारातल्या ओट्यावर बसतो. अभिमन्यू आत हाक मारून सुनेला चहा टाकायला सांगतो. दोघं रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत बसतात, पण गाड्यांचं बोलत नाहीत. कुणाच्या लेकीचं लग्न जमलं, नळाला पाणी आलं की नाही, असलं काही बोलतात. चहा संपला की इसाक उठतो. अभिमन्यू म्हणतो, "ये मग." इसाक "हां" म्हणतो आणि गॅरेजवर येऊन बसतो.