शबानाच्या बागेतला अंधार

मंडळी, आज मी जळून घरी आले.

तारे बघायला अमरावतीभोवती जागा शोधून थकले. जिथं अंधार, तिथं एकट्या बाईनं थांबायची भीती. जिथं भीती नाही, तिथं दिवे. शेवटी आज संध्याकाळी मोर्शीला, मैत्रीण शबानाच्या संत्र्याच्या बागेत गेले. पाहते तर मधोमध हॅलोजन!

"तुले भेव लागू नये म्हणून अब्बानं मुद्दाम लावला."

हात जोडून बंद करायला लावला. वर बघितलं, आभाळभर तारे! दुर्बीण पिशवीतच राहिली.

शबानानं जांभई दिली. "एवढं काय पाहून रायली? हे तं रोजचंच हाये."

रोजचंच!

पण खरं जळले ते मागे वळल्यावर. आम्हाला सोबत म्हणून अब्बा काठी घेऊन खाटेवर बसले होते.

तुमच्यासाठी असं कोण बसतं?