आतून कडी नसलेलं घर

मी नीलाबाई. लातुरात शिकवणीच्या पोरांना जेवणाचे डबे देते. माझ्या जिभेला हाड न्हाई असं गल्ली म्हणते, म्हणू द्या. शेजारच्या व्यंकटीभाऊंचं घर विकायला निघालं तवा हीच जीभ कामाला आली.

व्यंकटीभाऊ जिल्हा परिषदेत शिपाई होते. भूकंपात गाव गेलं, मग लातुरात येऊन पगारातून एकेक खोली उभी केली. खांबात इतक्या जाड सळया भरल्या की गवंडी हसायचा. घर लई मजबूत, पण एकाही दाराला आतून कडी न्हाई. न्हाणीला सुदिक न्हाई. आत जाणाऱ्यानं दाराला बादली लावायची, बाहेरच्यानं खाकरायचं. मी एकदा खाकरायचं विसरले, तवापासून त्यांचा देवणीचा पाहुणा लातूरला फिरकला न्हाई.

शिकवण्या वाढल्या, गल्लीत खोलीखोलीला भाव आला. पोरींचे आईबाप व्यंकटीभाऊंकडं यायचे, आतून दार लावायला कडी शोधायचे आणि माघारी जायचे. मग पोरंच भाड्यानं राहायची. दारावर टॉवेल दिसला की आत कुणीतरी हाय, असं समजायचं.

ह्याचं कारण सरजाबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला सांगितलं होतं. भूकंपाच्या साली ती धाकट्या पोराच्या, धम्मानंदच्या, बाळंतपणाला मुरुडला माहेरी गेलेली. गावात बापलेक दोघंच. थोरली पोरगी प्रियदर्शनी शाळेत नुकती जायला लागलेली. उकाड्यानं व्यंकटीभाऊ बाहेर ओट्यावर निजले, पोरगी बाहेर निजायला भ्यायची. त्यांनीच तिला सांगितलं, "आतून कडी लाव. भिऊ नको, मी दाराशीच हाय." पहाटे धरणी हलली. भिंत कलंडली, दार चौकटीत आवळलं, वरून मातीचं जड माळवद आलं. पोरगी झोपेतच गेली, तिला काही कळलं न्हाई, असं त्यांनी बायकोला सांगितलं. तेवढ्याच एका गोष्टीवर ती बाई जगून राहिली, असं मला वाटायचं.

आता तिचे गुडघे गेले. धम्मानंद नांदेडला मास्तर, तो म्हणून राहिला की दोघंही इकडं या. सरजाबाईला नातीजवळ जायचं होतं, लई जायचं होतं. पण घर विकल्याशिवाय तिकडं खोली वाढवता येईना.

घर विकायची दोघांचीही पहिलीच वेळ. मी भिंतींना रंग मारून घेतला, टाकी घासली, माळ्यावरची अडगळ भंगारवाल्याला दिली. दलाल म्हणाला, "बाबासाहेबांचा फोटो तेवढा आतल्या खोलीत ठेवा, गिऱ्हाईक बिचकतं." माझं टाळकंच सरकलं. म्हणलं, तुला बिचकायचं असंल तर तूच बाहेर थांब. फोटो जागचा हलला न्हाई.

व्यंकटीभाऊंना मी शंभरदा बजावलं, आधी चहा द्या, मग घर दाखवा, तोंड बंद ठेवा. कशाचं काय. गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच हे सांगणार, "पावसात ह्या कोपऱ्यातून गळतं बरं का." तेही खपलं असतं. पण शेवटी त्यांची अट यायची, "दारांना आतून कडी लावणार न्हाई, असं लिहून द्या." लोक आधी हसायचे, मग चपला शोधायचे.

उदगीरचे ईश्वरप्पा मात्र थांबले. त्यांना पोरींचं हॉस्टेल काढायचं होतं. घर पसंत पडलं. अट ऐकून ते शांतपणे म्हणाले, "अहो, कडी नसंल तर कोणता बाप पोरगी ठेवील? पोरी भितील की." व्यंकटीभाऊंचा चेहरा पार उतरला. ईश्वरप्पा म्हणाले, विचार करून कळवा.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई काठी टेकत दुकानात गेली आणि एक कडी घेऊन आली. नवऱ्यापुढं ठेवली. "एका दाराला बसवा. मग घर ठेवा न्हाईतर विका, मी पुन्यांदा विषय काढणार न्हाई."

त्यांनी मधल्या खोलीच्या दाराला ती बसवली. स्क्रू दोनदा खाली पडले. मग आत गेले, दार लोटलं. कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही दोघी बाहेर उभ्या.

"बोला की काहीतरी," ते आतून म्हणाले.

मला काय सुचणार? म्हणलं, "भाऊ, चहा निवून चाललाय."

आतून त्यांनी दाराला पाठ टेकली, दार करकरलं.

"सरजा, आतून समदं ऐकू येतंय गं." आवाज ओळखू येईना त्यांचा. "ती झोपेत न्हवती. ढिगारा उपसला तवा दाराशीच होती. हात कडीवर होता. मी बोंबलून राहिलो होतो, कडी काढ, कडी काढ. तिला ऐकू आलं आसंल. मी तुला खोटं सांगितलं."

मी सरजाबाईकडं बघितलं. ती दाराजवळ गेली, पदरानं डोळे पुसले.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी झोपेत बोलता. आजूनबी बोलता, प्रिया, कडी काढ म्हणून. मी काय बहिरी हाय?"

आत ते रडायला लागले. इतक्या वर्षांत त्या घरातून रडणं मी ऐकलं नव्हतं. मलाही हुंदका आवरला न्हाई, कशाला लपवू.

सरजाबाईनं दारावर हात टेकला.

"आता काढा कडी," ती म्हणाली. "भिऊ नका. मी दाराशीच हाय."

थोड्या वेळानं कडी सरकली. व्यंकटीभाऊ बाहेर आले, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, ईश्वरप्पांना बोलवा.